मृगाचा रंग वाचताना

आभाळातली सर्वांत देखणी रचना कोणती, असं कुणी विचारलं तर मी मृगाचं नाव घेईन. चार पायांचे चार ठळक तारे, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, वर डोक्याचा इवलासा त्रिकोण आणि बाणाच्या रेषेत खाली नजर नेली की हातात जणू अजून धनुष्य असलेला व्याध. एवढी रेखीव आकृती आकाशात दुसरी नाही. लहान पोरालासुद्धा एकदा दाखवली की ते ती विसरत नाही. आणि नेमकी इथेच बहुतेकांची नजर थांबते. हरिण ओळखलं, बाण ओळखला, व्याध सापडला की मृग ‘पाहून’ होतो.

माझं म्हणणं असं, की आकृती हा मृगाचा फक्त मुखडा आहे. ती आपण लावलेली आहे. हे तारे आपल्यापासून सारख्या अंतरावर नाहीत, सगळ्यांचा एकमेकांशी संबंध नाही आणि दुसऱ्या एखाद्या ताऱ्याजवळून पाहिलं तर हे हरिण मोडून पडेल. ताऱ्याचं स्वतःचं म्हणावं असं नुसत्या डोळ्यांना दिसणारं एकच आहे, ते म्हणजे त्याचा रंग. तो रंग वाचता आला की त्याच तुकड्यात ताऱ्याचा जन्म, त्याचं ऐन वय, त्याचं म्हातारपण आणि त्यानंतर उरणारी राख, सगळं एका नजरेच्या टप्प्यात मांडलेलं दिसतं. ही मांडणी योगायोगाची आहे. पण उत्तम योगायोगाला दाद देण्यात रसिकाने संकोच का करावा?

हे वाचन मी कोळवणच्या शिवारातून करतो. पौड सोडून वळकी नदीच्या खोऱ्यात शिरलं की दोन्ही अंगांना डोंगर जवळ येतात, उत्तरेच्या बाजूला तिकोन्याचं टोक दिसू लागतं आणि रस्त्याच्या कडेला भाताची खाचरं सुरू होतात. इथल्या शेतकऱ्याला मृग पक्का माहीत आहे, पण तो पावसाचा. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृगात जातो, तेव्हा रोपासाठी भात पेरायची घाई असते आणि त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्याच्या पाठीशी असल्यामुळे दिसण्याचा प्रश्नच नसतो. ज्या नक्षत्राच्या नावाने पेरायचं ते दिसतं कापणी-झोडणी उरकल्यावर, खाचरं रिकामी झाल्यावर. नोव्हेंबरच्या अखेरीस ते संध्याकाळनंतर पूर्वेला उगवतं. पूर्वेला पुणं आहे आणि पुण्याचा पिवळट उजेड क्षितिजावर पसरलेला असतो, तेव्हा घाई करू नये. जानेवारीच्या शेवटी रात्री दहाच्या सुमारास मृग चांगला सत्तर अंश वर चढलेला असतो, रोहिणी जवळपास डोक्यावर येते आणि दक्षिणेला डोंगराच्या वर अगस्त्य दिसतो. हीच वाचायची वेळ.

आणखी एक पथ्य. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा रंग खरा मानू नये. व्याध उगवताना लाल, हिरवा, निळा असा लकलकतो आणि पाहणारे हरखून जातात, पण ते सगळे रंग आपल्या हवेचे असतात. तो वर चढला की त्याचा स्वतःचा निळसर पांढरा रंग स्थिरावतो. ज्यांना रंग पटकन जाणवत नाहीत त्यांनी साधी दुर्बीण घ्यावी आणि ती किंचित फोकसबाहेर न्यावी. टिंबाची छोटी चकती होते आणि रंग एकदम उघडा पडतो.

मग आधी मृगाच्या दोन कोपऱ्यांकडे पाहावं. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की वरच्या डाव्या कोपऱ्यात काक्षी, आपल्या पंचांगातली आर्द्रा. खालच्या उजव्या कोपऱ्यात राजन्य. मध्ये बाण. एक तांबूस, दुसरा निळसर पांढरा, दोघेही सारखेच तेजस्वी आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या अंतरावर. चित्रकाराने मुद्दाम तोलून ठेवावेत तसे हे दोन रंग बसले आहेत. एकाकडून दुसऱ्याकडे नजर चार-पाचदा नेऊन पाहा. पहिल्या फेरीत फरक फारसा वाटत नाही, तिसऱ्या-चौथ्या फेरीत तो विसरता येत नाही.

लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी तांबडं होतं, मग पिवळं आणि फारच तापलं की पांढरं. ताऱ्यांचं गणितही हेच. काक्षीचा पृष्ठभाग साडेतीन हजार अंशांच्या आसपास, आपला सूर्य साडेपाच हजार, राजन्य बारा हजार, आणि बाणातले तीन तारे तर पंचवीस-तीस हजारांपर्यंत पोचतात. नळावरच्या खुणांप्रमाणे लाल म्हणजे गरम आणि निळं म्हणजे गार ही आपली सवय इथे उलटी करावी लागते. रंगावरून तापमान आणि तापमानावरून ताऱ्याची अवस्था ओळखण्याचं शास्त्र पक्कं व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९२० मध्ये मेघनाद साहांनी ताऱ्यांच्या वर्णपटातल्या रेषा तापमानानुसार का बदलतात याचं समीकरण दिलं आणि त्याच्याच आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत. त्याआधी सगळ्यांची समजूत होती की तारे साधारण पृथ्वीसारख्याच मालमसाल्याचे असणार.

आता काक्षी आणि राजन्य यांचा खरा संबंध. दोघेही वजनदार, सूर्याच्या पंधरा-वीसपट किंवा थोडे वर. दोघांचंही तेज सूर्याच्या लाखपटीच्या घरातलं. आणि दोघांचंही वय एक कोटी वर्षांच्या आतबाहेरचं. वजन हीच ताऱ्याची कुंडली, असं म्हटलं तर ते अक्षरशः खरं आहे. तारा जितका जड तितकं त्याच्या गाभ्यावरचं दडपण जास्त, तितका गाभा तप्त, आणि तितकी इंधनाची उधळपट्टी भयंकर. इंधन वीसपट, पण खर्च लाखपट, म्हणजे आयुष्य सूर्याच्या मानाने नगण्यच. सूर्य दर सेकंदाला साठ कोटी टन हायड्रोजन जाळतो, त्यातलं चाळीस लाख टन वस्तुमान निव्वळ उजेड होऊन बाहेर पडतं, आणि तरीही तो एकूण हजार कोटी वर्षं टिकणार आहे. त्यातली ४६० कोटी संपली. काक्षीला एवढी मुदत मुळात मिळालेलीच नव्हती.

एक कोटी वर्षं हा आकडा नुसता वाचून काही हाती लागत नाही. म्हणून मी तिकोन्याकडे पाहतो. तिकोन्याचा, किंबहुना या साऱ्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंडावून तयार झाला. तो लाव्हा वाहत होता, थरावर थर चढत होते, तेव्हा आकाशात काक्षी नव्हता. राजन्य नव्हता. बाणातले तारेही नव्हते, तेही अवघे काही दशलक्ष वर्षांचे आहेत. मृगच नव्हता! आपण डोंगराला जुनं म्हणतो आणि ताऱ्यांना अनादी समजतो, पण कोळवणच्या खोऱ्यात उभं राहिल्यावर सरळ दिसणारी गोष्ट अशी की पायाखालचा दगड डोक्यावरच्या मृगापेक्षा कितीतरी पटींनी वयस्क आहे. माझ्या मते मृग वाचण्यातला सर्वांत मोठा आनंद या एका तुलनेत आहे, आणि ती करायला सह्याद्रीइतकी योग्य जागा दुसरी क्वचितच असेल.

अर्थात त्या कातळात लोखंड आहे, त्याचा काळेपणा बराचसा त्याच्यामुळेच. ते लोखंड मात्र काक्षीच्या आधी होऊन गेलेल्या ताऱ्यांनी बनवलेलं आहे. ते कसं, हे काक्षीच्याच पोटात डोकावून कळतं.

ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होतं. हायड्रोजन आहे तोवर तारा तोल सांभाळून असतो, गुरुत्वाकर्षण आत ओढतं आणि आतली उष्णता बाहेर रेटते. गाभ्यातला हायड्रोजन संपला की आतला रेटा कमी पडतो, गाभा आकसतो आणि आकसल्यामुळे आणखी तापतो. त्या उष्णतेने बाहेरचे थर फुगतात आणि फुगल्यामुळे थंडावतात. काक्षीचा तांबूस रंग म्हणजे नेमकं हेच. आत अतिशय तप्त, बाहेर फुगून निवलेला. त्याचा फुगवटा एवढा की सूर्याच्या जागी त्याला ठेवलं तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ त्याच्या पोटात जातील. राजन्य अजून निळसर आहे, पण त्यानेही गाभ्यातला मूळ हायड्रोजन संपवला आहे आणि त्याचीही वाटचाल बहुधा याच दिशेने आहे. म्हणजे मृगाच्या एका कोपऱ्यात काक्षीचा भूतकाळ आणि दुसऱ्यात राजन्यचा भविष्यकाळ, अशी ही रचना वाचता येते.

पुढच्या पायरीवर एक अडचण होती. हेलियमपासून कार्बन कसा होतो? तीन हेलियम एकाच क्षणी एकत्र यावेत हे फारच दुर्मीळ, मग विश्वात एवढा कार्बन आला कुठून? १९५३ मध्ये फ्रेड हॉइल यांनी तर्क केला की कार्बनच्या केंद्रकाला एका ठरावीक ऊर्जेची उत्तेजित अवस्था असलीच पाहिजे, नाहीतर आपण इथे नसतो. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत शोध घेतला आणि ती अवस्था सांगितल्या ठिकाणी सापडली. १९५७ मध्ये बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल या चौघांनी तारे एकेक मूलद्रव्य कसे घडवतात याचा सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जयंत नारळीकर केंब्रिजला शिकायला गेले आणि पुढे हॉइल यांचेच विद्यार्थी झाले. पुण्यात १९८८ मध्ये त्यांनी आयुका या खगोलसंशोधन संस्थेची उभारणी हाती घेतली आणि ‘आकाशाशी जडले नाते’सारख्या पुस्तकातून हे सगळं मराठी घरांत आणून पोचवलं. काक्षीच्या पोटातल्या कार्बनची गोष्ट आपल्याकडे मराठीतून, तीही हॉइलांच्या शिष्याकडून आली, ही मला फार भाग्याची गोष्ट वाटते.

कार्बननंतर निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन असे एकेक टप्पे येतात आणि प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा झपाट्याने संपतो. हायड्रोजनला लाखो वर्षं, सिलिकॉनला अवघे काही दिवस. शेवटी गाभ्यात लोखंड साचतं. लोखंड जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्ची पडते. तिथे ताऱ्याचा डाव संपतो. गाभा एका सेकंदाच्याही आत कोसळतो आणि बाहेरचा सारा संसार स्फोटाने उधळला जातो. काक्षीचं हे कधी होईल? पुढच्या एक लाख वर्षांत केव्हाही, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

म्हणूनच २०१९ च्या अखेरीला जगभर गडबड उडाली. काक्षी तसा कमी-जास्त होत असतोच, पण त्या हिवाळ्यात तो मंदावतच गेला. एरवी रोहिणीपेक्षा उजळ असणारा काक्षी रोहिणीच्या खाली आला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये मृगाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या ताऱ्याइतकाच उरला. नेहमीच्या तेजाच्या निम्म्यालाही तो नव्हता. ज्यांची नजर मृगावर मुरलेली होती त्यांना कुठलंही उपकरण न लावता कळत होतं की हरिण एका पायाने वाकलं आहे. लोक स्फोटाची वाट पाहू लागले. स्फोट झाला नाही. ताऱ्याने आपल्या पृष्ठभागावरून वायूचा एक मोठा लोळ बाहेर टाकला होता, तो निवून त्याची धूळ झाली आणि ती धूळ आपल्या नजरेच्या आड आली. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने काढलेल्या छायाचित्रांत ताऱ्याचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला स्पष्ट दिसला. तारे बदलतात हे पुस्तकात शिकणं वेगळं आणि आपल्या ओळखीच्या ताऱ्याचा चेहरा एका हिवाळ्यात उतरलेला पाहणं वेगळं. माझ्या पिढीच्या आकाशप्रेमींना हे भाग्य लाभलं.

बाणाच्या खाली तीन बारीक टिंबांची एक छोटी ओळ लोंबते. तिच्यातलं मधलं टिंब निरखून पाहा. ते तारा नाही, ते धुरकट आहे. हाच मृगातला तेजोमेघ, १३५० प्रकाशवर्षं दूर, चोवीस-पंचवीस प्रकाशवर्षं रुंद. त्याच्या आत चार तान्ह्या ताऱ्यांचा चौकोन आहे आणि त्यातला सर्वांत जड तारा आपल्या अतिनील प्रकाशाने साऱ्या मेघाला चेतवतो. त्यांचं वय दहा लाख वर्षांच्या आसपास. आजही त्या मेघात वायू आकसत आहे, तारे जुळत आहेत, आणि त्यांच्याभोवती ग्रह घडवणाऱ्या धुळीच्या तबकड्या हबल दुर्बिणीने टिपल्या आहेत.

इथे मात्र माझं रंगवाचन तोकडं पडतं. मेघाचा प्रकाश इतका मंद की डोळा त्यात रंग ओळखतच नाही. कॅमेऱ्याला तो गुलाबी दिसतो, मोठ्या दुर्बिणीतून काहींना हिरवट. या हिरवट रंगाच्या कथेत पुण्याचं एक पान आहे आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, १८८८ मध्ये एक वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख होते. पुढे देशातली सर्वांत मोठी दुर्बीण याच वेधशाळेत होती. त्या काळात मृगाच्या तेजोमेघाच्या वर्णपटातल्या एका ठळक हिरव्या रेषेवरून इंग्लंडमध्ये मोठा वाद पेटला होता. नॉर्मन लॉकियर म्हणत, ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. तसं असतं तर रेषा एका बाजूने विरत जायला हवी होती. विल्यम हगिन्स यांना हे मान्य नव्हतं. नायगमवालांनी १८९१ च्या सुमारास पुण्यातून ती रेषा बारकाईने पाहिली आणि सांगितलं की उपकरण कसंही लावलं तरी ती रेखीव आणि बारीकच राहते. म्हणजे लॉकियर यांचं म्हणणं टिकत नव्हतं. मग ती रेषा कशाची? १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला की ती ऑक्सिजनचीच आहे, पण इतक्या विरळ अवस्थेतल्या ऑक्सिजनची, की तशी पोकळी आपल्या प्रयोगशाळांत साधता येत नव्हती. नायगमवालांची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची उपकरणं कोडाईकनालला गेली. आज त्या महाविद्यालयासमोरून रोज हजारो लोक जातात. मृगाच्या मेघाकडे रोखलेली दुर्बीण इथे होती हे सांगणारी एक ठळक पाटी तिथे असावी, असं मला मनापासून वाटतं.

त्याच दशकात याच शहरात टिळकांनी ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध केला आणि वसंतसंपात एके काळी मृगात होता या आधारावर वेदांचा काळ फार मागे नेला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये आला, आणि ‘ज्योतिर्विलास’ लिहून त्यांनी सामान्य मराठी वाचकाला रात्री अंगणात आणून उभं केलं ते वेगळंच. एकाच शहरात एकाच मृगाकडे टिळक वेदांतून, दीक्षित पंचांगांतून आणि नायगमवाला वर्णपटातून पाहत होते. तिघांपैकी कुणालाही तारा का तळपतो हे माहीत असणं शक्य नव्हतं, कारण ते तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं पक्कं उत्तर हान्स बेटे यांच्याकडून १९३९ मध्ये मिळालं. टिळकांचे निष्कर्ष कुणाला पटोत वा न पटोत, पण मृगाला एवढ्या तन्मयतेने भिडणारा दुसरा ग्रंथ त्या काळात आपल्याकडे लिहिला गेला नाही. त्यांनी आकृती वाचली, आणि आकृती हजारो वर्षं टिकते म्हणून त्यांना काळ मोजता आला. रंग वाचणाऱ्याला मात्र लाखांच्या आणि कोटींच्या हिशेबात उतरावं लागतं.

बाणाची रेषा वर, उजवीकडे वाढवली की रोहिणी लागते. नारिंगी, पण काक्षीच्या जातीची नव्हे. वजनाने सूर्याच्याच आसपासची आणि ६५ प्रकाशवर्षांवरची. गाभ्यातला हायड्रोजन संपवून ती सूर्याच्या चाळीसपटीहून अधिक फुगली आहे. पाचशे कोटी वर्षांनी आपला सूर्य कसा दिसेल हे पाहायचं असेल तर रोहिणीकडे पाहावं. अजून पुढे कृत्तिकांचा पुंजका. दहा-बारा कोटी वर्षांच्या या बहिणी एकाच मेघातून जन्मल्या. सह्याद्री घडला तेव्हा या मात्र आकाशात होत्या. निळसर, तरुण, अजून एकत्र. पुढे त्याही पांगणार आहेत.

उलट दिशेला, खाली, व्याध. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, पण ते तेज मुख्यतः जवळिकीचं आहे, फक्त साडेआठ प्रकाशवर्षं. मला त्याच्या तेजापेक्षा त्याच्या सोबत्याचं जास्त अप्रूप आहे. १८४४ मध्ये बेसेल यांनी पाहिलं की व्याध सरळ न जाता हेलकावत चालतो, म्हणजे कुणीतरी अदृश्य त्याला ओढत आहे. १८६२ मध्ये अमेरिकेतले दुर्बीण घडवणारे अल्व्हन ग्रॅहम क्लार्क नवीन भिंग तपासत होते, तेव्हा व्याधाच्या झगमगाटाला चिकटून एक बारीक टिंब त्यांना दिसलं. ते वजनाला सूर्याएवढं आणि आकाराला पृथ्वीएवढं निघालं. त्याच्या एका घनसेंटिमीटरमध्ये दोन-अडीच टन वजन मावतं. हा श्वेत बटू. एके काळी दोघांत हाच मोठा होता, सूर्याच्या सुमारे पाचपट. मोठा म्हणून त्याने आधी इंधन संपवलं, तांबडा होऊन फुगला, वरचे थर सोडून दिले आणि आता गाभा तेवढा उरला आहे. त्यात आता काही जळत नाही, तो नुसता निवत आहे. तेजस्वी व्याधाशेजारी जे दिसतंय ते आपल्याच सूर्याच्याही शेवटाचं चित्र.

असा गाभा किती वजन पेलू शकतो? १९३० मध्ये एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर इंग्लंडला बोटीने जाताना हेच गणित करत होते. उत्तर आलं की एक मर्यादा आहे, सूर्याच्या १.४ पटीच्या आसपास. त्यापुढे गाभा टिकूच शकत नाही. एडिंग्टनसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये या निष्कर्षाला भर सभेत विरोध केला. चंद्रशेखरांचं म्हणणं बरोबर होतं, आणि १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. काक्षी त्या मर्यादेच्या पलीकडचा आहे, व्याधाचा सोबती अलीकडचा. एकाच दृश्यात या दोन्ही गोष्टी असणं हे मृगाचं सर्वांत खोल सौंदर्य आहे.

आणि मर्यादा ओलांडल्यावर काय होतं तेही इथेच, वृषभाच्या शिंगाच्या टोकाजवळ आहे. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण छोट्या दुर्बिणीतून फिकट डाग म्हणून सापडतं. जुलै १०५४ मध्ये चीनमधल्या निरीक्षकांनी तिथे एक नवा तारा नोंदवला, तो २३ दिवस भर दिवसाही दिसत होता. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा आहे. ते मंदिर घडवणाऱ्या पाथरवटांच्या हयातीत हा तारा आकाशात उजळला होता. आज तिथे विखुरलेला मेघ आहे आणि त्याच्या मध्यभागी सेकंदाला ३० वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा. असल्या ताऱ्यांची स्पंदनं आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना टिपत असतात.

या वाचनाला एक त्रुटी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. कुणीही एका ताऱ्याला जन्मापासून अंतापर्यंत पाहिलेलं नाही, कुणी पाहूही शकणार नाही. आपण वेगवेगळ्या वयाचे तारे एकाच वेळी पाहतो आणि त्यांच्यातून एका आयुष्याची गोष्ट जुळवतो. तेही खरं तर ‘एकाच वेळी’ नव्हे. व्याधाचा उजेड आठ-नऊ वर्षांपूर्वी निघालेला, रोहिणीचा पासष्ट वर्षांपूर्वीचा, कृत्तिकांचा शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचा, राजन्यचा देवगिरीचे यादव उदयाला येत होते तेव्हाचा आणि मेघाचा बदामीच्या चालुक्यांच्या काळातला. तरीही ही जुळणी भक्कम आहे, कारण गणित, वर्णपट आणि काक्षीसारखा एखादा डोळ्यांदेखत बदलणारा तारा, हे तिन्ही एकच गोष्ट सांगतात.

आता एक विनंती. कोळवणच्या मुळशी तालुक्यात फार्महाउस वाढत आहेत आणि त्यांच्याबरोबर रात्रभर आकाशाकडे रोखलेले प्रखर पांढरे एलईडी दिवेही. त्यांचा उपयोग जमिनीला होत नाही, आणि मृगातला तेजोमेघ मात्र पुसला जातो. आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने गावागावांतले दिवे बदलून २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ होण्याचा मान मिळवला. कोळवण खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींनी आणि घरमालकांनी एवढं एकच करावं: दिव्यांना वरून झाकण बसवावं, त्यांचं तोंड खाली वळवावं आणि जमेल तिथे पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावावा. खर्च थोडा आहे, विजेची बचतही होईल. आणि ज्यांनी मृग फक्त आकृती म्हणून पाहिला आहे त्यांनी जानेवारीतल्या अमावास्येच्या आसपास इथे यावं, वीस-पंचवीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवून डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि आधी काक्षीकडे, मग राजन्यकडे पाहावं.